नावासकट विकली

१८ नोव्हेंबर, मंगळवार. वडसा.

नाटक कंपनी विकली. पडदे, पेटी, गाडी गेली, त्याचं काही नाही. पण करारनाम्यात कंपनीचं नावही होतं, आणि ते वाचूनच मी सही केली. "नावाशिवाय कंपनीत काय हाये भाऊ? गाववाले नावावरच नाटक ठरवतेत," वकील म्हणाला. खरंच होतं ते. मग राग कोणावर काढू?

नाव वत्सलाचं. लग्नानंतर कंपनी काढली तेव्हा हौसेनं बायकोचं नाव दिलं होतं. ती लाजून आठ दिवस बाजारात गेली नाही.

संध्याकाळी सिंदेवाहीकडचे दोघं शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्रीच्या नाटकाची तारीख घ्यायला आले. सवयीनं माझ्याच दारात. मी त्यांना नव्या मालकाचं घर सांगितलं.

"पण नाव तेच रायते नं?"

"तेच."

"मंग पडदा उघडाच्या आधी माइकवर नाव तुमीच घ्याल नं भाऊ? तुमच्यासारखं कोनी घेत नाई."

"नाई. मले आता ते नाव स्टेजवर घेता येत नाई. तसं लिवून देलं मी."

दोघंही खाली पाहत उठले. चहा तसाच राहिला.

माइकवरचं ते नाव. पार मागच्या बैलबंड्यांपर्यंत पोचावं म्हणून पोटातून ओढून घ्यायचो. वकिलाला हे काय सांगणार होतो?

ती गेल्यापासून घरात वत्सला म्हणून हाक मारायला कारण उरलं नाही. मोठ्यानं तिचं नाव घ्यायला माझ्याकडे तेवढा माइक होता.