जनाच्या दारातलं पाणी

दहिवली, कर्जत
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय जना,

हे पत्र तुझी सूनच तुला वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन तू अजून केलेलं नसणारच. म्हणून आधी तिच्याशीच बोलते. अक्षदा, सावकाश वाच गं. सासू मधेच "पुरे" म्हणाली तर ऐकू नकोस. उठून चुलीकडं गेली तर तिच्यामागं जाऊन वाच. जना, श्रावणापासून तू माझा फोन घेत नाहीस. केव्हाही केला तरी "त्या बांधावर गेल्यात" एवढंच ऐकू येतं. भर दुपारी कुणी बांधावर जाऊन बसत नाही. मी त्याच खाडीकाठी वाढलेय, असली सबब दुसऱ्या कुणाला तरी सांग.

इकडची खुशाली चांगली. भातं कापून झाली, झोडणी चालू आहे, सगळीकडं पेंढ्याचा वास भरलाय. आमच्या नाझनीनच्या अब्बांचं कापडाचं दुकान दिवाळीत बरं चाललं, पण त्यांचे गुडघे चालत नाहीत. पोशीरची इंदूबाई परवा दुकानात आली होती. तिनं पहिल्यांदा तुझीच चौकशी केली. "तुमची ती खाडीवाली मैत्रीण पुन्हा कधी येणार?" म्हणाली. तू तिच्या शेतात जेमतेम दोन दुपारी होतीस, तरी तिच्या अजून लक्षात आहेस.

मला यंदाचा तो आषाढ आठवतो. अमावास्येच्या उधाणाला आपल्या गावाचा बांध फुटला. नुकतंच लावलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं, तुझ्या ओट्याच्या पायरीपर्यंत पाणी आलं. तुझा धनेश कंपनीच्या ड्यूटीवर, अक्षदा लेकरांना घेऊन माहेरी, आणि तू एकटी त्या घरात. नाझनीनच्या अब्बांनी टेंपो काढला, पेणहून पुढं गुडघाभर पाण्यातून चालत आले आणि तुला घेऊनच परतले. माझ्या दारात उतरलीस, हातातली पिशवी खाली ठेवलीस आणि विचारलंस, "तुज्याकडं सुकट हाय का गं? मी आनायची इसरले." मी तुला धरून रडायच्या तयारीत होते, आणि मला हसूच फुटलं.

माझ्या घरात तुला झोप येत नव्हती. वारा लागत नाही, भिंतीच भिंती आहेत, म्हणायचीस. म्हणून मी तुला उल्हास नदीवर नेलं. वाटलं, पाणी बघून बरं वाटेल. तू काठावर बराच वेळ उभी राहिलीस, मग ओंजळभर पाणी तोंडात घेतलंस आणि म्हणालीस, "ग्वाड हाय. पण हे एकाच बाजूला जातं गं. परत येतच नाय." छत्तीस वर्षं मी या नदीच्या काठी संसार केला, पण मला इथं नेमकं काय चुकल्यासारखं वाटतं ते त्या दिवशी कळलं. खाडी जाते आणि येते. लहानपणी आपण शाळेतून आलो की पाणी आहे की चिखल, हे आधी बघायचो आणि मग दप्तर टाकायचो. पाणी असलं तर पोहायचं, चिखल असला तर कालवं काढायची.

पोशीरला तर मी तुला सहज फिरायला म्हणून नेलं होतं. इंदूबाईच्या नवऱ्याच्या, येसाजींच्या शेतात लावणीचा शेवटचा तुकडा राहिला होता. इंदूबाई आणि दोघीतिघी वाकल्या होत्या. मी चहा घ्यायला बसते न बसते तोच तू लुगडं खोचून चिखलात उतरलीस. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. तुझं स्वतःचं भात खाऱ्या पाण्यात कुजत होतं आणि तू परक्याच्या गोड्या चिखलात रोपं लावत होतीस, एका ओळीत, मान वर न करता. संध्याकाळी परतताना तुझा चेहरा पहिल्यांदा मोकळा दिसला. मी तेव्हाच मनात ठरवलं होतं की आता तुला जाऊ द्यायचं नाही.

आणि मग नाझनीन रजेवर आली. ती दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात काही महिने काढून आली होती, हे तुला मी फोनवर सांगितलं होतं. पण तुला वाटलं होतं मी बढाई मारतेय. ती आली त्या दुपारी आपण पडवीत सुकट निवडत होतो. पोरीनं हातपाय धुतले आणि सरळ तुझ्याशेजारी बसून सुकटीची डोकी मोडायला लागली. तिनं फोनवर फोटो दाखवले. नजर जाईल तिथवर पांढरं. तू फोन डोळ्यांजवळ नेलास आणि म्हणालीस, "एवढं मीठ कुनी सांडलं गं?" ती इतकी हसली! मग तिनं सांगितलं की तिथं उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही, आणि ते लोक बर्फात खोलवर नळी घालून लांब कांडं बाहेर काढतात. त्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यावरून तेव्हा हवा कशी होती ते कळतं, आणि आताइतका धूर त्या सगळ्या काळात कधीच नव्हता, हेही कळतं.

तू लगेच तुझ्या मुद्द्यावर आलीस. "मंग त्या बर्फाचं पानी आमच्या शेतात आलं म्हंतेस?" ती म्हणाली, "इतकं सरळ नाही, मावशी. बांध फुटला त्याला बर्फ एकटं कारण नाही. बांधाची डागडुजी झाली नाही, खाडीतली वाळू उपसली, तेही आहेच. पण समुद्रसुद्धा चढतोय. पाणी तापलं की फुगतं, त्यानं चढतो. आणि जमिनीवर बसलेलं बर्फ समुद्रात उतरतंय, त्यानंही चढतो. वर्षाला बोटाच्या पेरापेक्षाही कमी. दिसत नाही. पण उधाण येतं ते त्या चढलेल्या पाण्यावर उभं राहून येतं." मग तिनं ती दुसरी गोष्ट सांगितली. बर्फाचा तो प्रचंड डोंगर आजूबाजूचं समुद्राचं पाणी स्वतःकडं ओढून धरतो. तो वितळला की ती ओढ कमी होते, तिथलं पाणी उतरतं आणि लांबच्या किनाऱ्यांवर जास्त चढतं. तू हातातली सुकट सुपात टाकलीस. "म्हंजे ज्याच्या दारात वितळतं त्याला काय नाय, आन् आमाला?" नाझनीन म्हणाली, "त्याच्या दारात पेंग्विन राहतात, मावशी." तूही हसलीस. मला वाटलं, चला, विषय संपला.

पण तू हसता हसताच विचारलंस, "तू शिकलेली हायस, तिथं जाऊन आलीस. मना सरळ सांग. आमच्या दारातलं पानी मागं जाईल का?"

जना, तेव्हा मी तिला डोळ्यांनी खुणावलं होतं. तुला दिसलं की नाही ठाऊक नाही. तिला मात्र दिसलं. तरी ती म्हणाली, "नाही, मावशी. बांध नीट बांधला तर काही वर्षं थोपवता येईल. जगानं धूर कमी केला तर चढण्याचा वेग कमी होईल, आणि त्यानं पुष्कळ फरक पडेल, पुढच्यांना. पण पाणी मागं जाणार नाही. तुझ्या हयातीत नाही, माझ्याही नाही." तू "बरं" म्हणालीस. उरलेली सगळी सुकट निवडलीस, सूप झटकून भिंतीला लावलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी पिशवी दाराशी होती. मी रागावले, रडले, नाझनीनच्या अब्बांनी समजावलं, तू ऐकलं नाहीस. एसटी स्टँडवर तू मला एवढंच म्हणालीस, "पोरीला बोलू नको हां. तिनं खरं सांगितलं."

मी बोललेच तिला. घरी येऊन म्हटलं, जरा गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? माझी मैत्रीण राहिली तरी असती. ती म्हणाली, "अम्मी, मला पोहायला जनामावशीनं शिकवलं. पोटाखाली हात धरायची आणि सोडायच्या आधी सांगायची, आता सोडते हां. तिला मी खोटं कसं सांगू?" त्या दिवसापासून पोरही मनातून खचलीय. दर फोनवर आधी विचारते, मावशी बोलली का? पुढच्या महिन्यात ती पुन्हा बर्फाकडं निघतेय. या वेळी तिथला हिवाळा काढणार आहे, महिनोन्महिने अंधार असणारा. वर्ष उलटून गेल्यावर येईल. मनात नसतानाही मी तिला हो म्हटलं.

भाऊबीजेला अक्षदाचा फोन आला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिला खोदून विचारलं. गावाची बैठक झाली, हमरस्त्याच्या अंगाला सगळ्यांनी उठून जायचं ठरलं, शिमग्यानंतर घरं रिकामी करायची, हे तिनं सांगितलं. धनेशनं होकार दिला. तू होही म्हटलं नाहीस, नाहीही म्हटलं नाहीस. कोपऱ्यात बसून जाळं विणत होतीस म्हणे. जना, तुला आठवतं का, आपण सहावीत असताना बांधाला खांड पडली होती? सगळं गाव चिखलाच्या टोपल्या घेऊन उभं राहिलं होतं. तुझे बाबा आणि माझे अब्बा कमरेइतक्या पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे होते, त्यांच्या छातीपुढं लोक माती लोटत होते. आपल्या दोघींना काम दिलं होतं खेकड्यांची बिळं बुजवायचं. एका बिळातल्या खेकड्यानं तुझा अंगठा धरला, आणि तू ओरडली नाहीस, कारण ओरडलीस तर घरी पाठवतील. तेव्हा पाणी मागं गेलं होतं. माणसांनी लोटलं आणि ते गेलं. म्हणून तुला नाझनीनचं बोलणं पटत नसेल. मला तरी कुठं पटलंय?

माझं माहेर तर कधीच संपलं. अब्बा गेले, घराची भिंत पडली, भाऊ कुवेतला. कब्रस्तानाच्या खालच्या अंगाला आता भरतीचं पाणी शिरतं आणि अम्मीची कबर तिकडंच आहे. तिच्याभोवती दगड कुणी रचले ते मला ईदला गेल्यावर कळलं. तू मला कधी सांगितलं नाहीस, मीही कधी विचारलं नाही. तरीसुद्धा या घरात काही मनाविरुद्ध झालं की मी मनात म्हणते, जाईन आपल्या गावाला. हे मी अजून म्हणते, या वयात, नातवंडं येण्याच्या वयात. आणि असं म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं ते पडकं घर नसतं, तुझा ओटा असतो. तू तिथं आहेस म्हणून ते गाव आहे. फोनवर मी तुला वर्षानुवर्षं "इकडं ये, इकडं ये" म्हणत आले, आणि तू "नाय येत" म्हटलंस की मी रागवायचे, आणि फोन ठेवल्यावर मला हायसं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता तू उठलीस की मला परत जायला जागाच उरणार नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तुला इकडं आणायला नाही, आणि नाझनीन चूक होती असं सांगायलाही नाही. तिला मुंबईच्या विमानतळावर सोडलं की मी तशीच पुढं तुझ्याकडं येतेय. शिमग्यापर्यंत राहणार आहे. नाझनीनच्या अब्बांना सांगून टाकलंय, ते म्हणाले, "जा, माझं मी बघीन." तुझ्या ओट्यावर मला हातरुणापुरती जागा दे. भांडी बांधायची तेव्हा दोघी मिळून बांधू, आणि तुला बांधायची नसतील तर नुसत्या बसू. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी शेजारी बसून सुकट निवडीन. रस्ता भरतीला बुडतो असं अक्षदा म्हणाली, म्हणून ओहोटीच्या वेळेला पोचेन अशा बेतानं निघेन. त्या दिवशी फोन वाजला तर तो मीच असेन, पेणच्या स्टँडवरून. एवढा एकच घे, आणि पाणी उतरलंय का ते सांग.

तुझीच,
हमिदा