दात सूर्याला

३ शाबान
आले एकदाची दमनहूरला! उम्म हिलालखालांनी गच्चीवरची खोली दिली आहे. बाहेर कबुतरांची खुराडी, कपड्यांच्या दोऱ्या आणि मुबलक ऊन. कठडा मात्र गुडघ्याएवढाच. शहद आली की जपायला हवं. खाला बायकांना तुंबड्या लावतात, पेल्याने अंगातलं रक्त ओढून काढतात; मी हाताखाली शिकणार. नवरा गेल्यापासून माझी सहा वर्षांची शहद सासूकडे आहे. हात बसला की तिला आणायचं, त्यासाठीच हा आटापिटा. रक्त पाहून मला चक्कर येते, हे खालांना सांगितलेलं नाही.

५ शाबान
खालांनी एका बाईच्या पाठीवर बारीक चिरा दिल्या, पेला चढवला. रक्त आत साकळून कलेजीसारखं थरथरलं. भीती वाटलीच नाही. किळस आली. तोंडाला पाणी सुटलं, भुकेचं नव्हे, आणि मी आडवी.

शुद्धीवर आले तर खाला वारा घालत हसत होत्या. "अगं बये, घाबरलेलं माणूस पळत सुटतं. तू तर नासकं अंडं फुटल्यासारखं तोंड केलंस! भीती जाते गं, किळस चिकट असते." मग उपाय सांगितला. पोटात ढवळलं की मूठ आवळायची, म्हणजे चक्कर टळते. ही वही-पेन्सिल त्यांनीच दिली. पेन्सिल घट्ट धरायची आणि लिहीत राहायचं.

१२ शाबान
लिहिते, म्हणून उभी आहे. पेले मीच धुते, उकळते. फार थकले. कलेजी खाणं सुटलं, करकदेच्या फुलांचं लाल सरबत सुटलं, काल टोमॅटोसुद्धा. आज चहाचा पेला ओठाला लावला आणि वाटलं, हा त्यांतलाच. खाला वैतागल्या. चहाचे पेले वेगळ्या फळीवर असतात, तूच तर ठेवतेस, म्हणाल्या. मला ठाऊक आहे. ठाऊक असून उपयोग नाही.

१७ शाबान
सतरावी तारीख शुभ, म्हणून तुंबड्यांचा मोठा दिवस. बावीस बायका. एकदाही पडले नाही! खाला खूश, लेकीला बोलावून घे म्हणाल्या. जिंकले म्हणायचं.

तीनदा आंघोळ केली. मनगटात नाडी उडते. ते माझ्याही आत आहे — तिथे बोट लावत नाही.

२० शाबान
शहद आली. गळ्यात पडली. किती वाळली आहे पोर! पुढचा दात हलतोय, जिभेने ढकलून दाखवते. मी कबुतरांकडे बघते.

२१ शाबान
सकाळीच दात पडला. सूर्याला द्यायचा ना आई, म्हणून नाचत गच्चीच्या कडेला गेली. "गाढवाचा दात घे, नवरीचा दे!" फेकला. वळली. तोंड लाल, हनुवटीवर ओघळ, हसतेय — मुका द्यायला माझ्याकडे —

भीती नव्हती. हात आपोआप पुढे — मीच लोटलं — कठडा —

जिन्यात आहे. पेन्सिल घट्ट धरली आहे. खाली चौकात खाला ओरडताहेत, उतर गं, तुलाच मागतेय ती. रडतेय. म्हणजे आहे. आई, आई —

चार पायऱ्या उरल्यात. खाली फरशीवर लाल दिसतंय — मूठ आवळली. उतरते. माझीच लेक आहे. उतरते —

तोंडाला पुन्हा ते पाणी