विटकरी नळी

मेहकर, १२ फेब्रुवारी १९६४

सौ. प्रेमलावन्संना, धाड मुक्कामी,
प्रतिमाचा नमस्कार.

वन्सं, मी चोर नाही! डॉक्टरांनीच सांगितलं, तेही सासूबाईंसमोर!

मधुमेह मला लग्नाआधीपासूनचा. संक्रांतीला माझी लघवी तपासायची नळी तापवल्यावर विटकरी लाल झाली, म्हणजे साखर भरपूर उतरलेली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "आई, इले सहावा महिना हाय अन् ही चोरून गोड खाते." त्या दिवसापासून गुळाच्या डब्याला कुलूप लागलं. खरेपणा दाखवायला मी जेवण निम्म्यावर आणलं, तरी नळी लालच! बाळाच्या काळजीनं माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

मग डॉक्टर म्हणाले, "बाळाला पोसणारी पोटातली वार वाढली की इन्शुलिन जास्त लागतंच. तिला उपाशी ठेवू नका." त्यांनी वीस युनिटांवरून हळूहळू बत्तीसवर नेलं, आणि आज सकाळी नळी निळी राहिली, वन्सं, निळी! सासूबाई ती शेजारणींना दाखवत फिरल्या. मला म्हणाल्या, "पोरी, मले समजलंच नाही व." डोहाळेजेवणाला झाकलेल्या वाट्यांत त्या पेढा-बर्फी ठेवणारच नाहीत. फुटाणे निघाले तर मुलगा, शेंगदाणे निघाले तर मुलगी!

हे तुम्हाला कळवायचंच म्हणून लिहायला बसले. पण खरं लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल. संक्रांतीचा एक तिळाचा लाडू मी खाल्ला होता, न्हाणीघरात, उभ्या उभ्या.

म्हणून हे पत्र माझ्या ट्रंकेतच राहील.

तुमची जवळजवळ निर्दोष भावजय,
प्रतिमा