तेरा-शून्य

८ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ

नवीन वही. ही इतिहासासाठी आहे. इतर कुणी वाचू नये.

आमच्या टॉलिव्हर स्टेट कॉलेजचा फुटबॉल संघ, हेरन्स : दोन सामने, दोन विजय. हेरन म्हणजे बगळा. मोठ्या कॉलेजांचे संघ वाघ-अस्वलांची नावं लावतात, आमचा बगळा. लोक हसतात. यंदा हसणं बंद होणार, असं मला मोसमाच्या आधीपासून वाटतंय.

आजचा सामना रसकडे बसून बघितला. रस माझा थोरला भाऊ, राहतो मार्लोला, अडतीस मैलांवर. ऑगस्टमध्ये त्याच्या पोटात कॅन्सर निघाला. तब्येत बरी वाटली. थोडा वाळलाय, पण वजन तसंही उतरवायलाच हवं होतं.

हाफटाइमला आम्ही शून्य-सतरा मागे. माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी बसलोय. घरातलं दूध संपलंय असं सांगून उठलो. रसची बायको बार्ब म्हणाली, घरी तू एकटा, दूध कुणाला पाजायचंय? मी गाडी काढली. विसाव्या मैलाला रेडिओवर सतरा-सतरा. घरी पोचून माझ्या खुर्चीत टेकतो न टेकतो तोच चोवीस-सतरा.

ज्याला समजायचं त्याला समजलं.

१५ सप्टेंबर, शनिवार

तीन-शून्य. तीच खुर्ची, तोच करडा स्वेटशर्ट, तोच बीन्सच्या चिलीचा वाडगा, कुत्रा डाव्या बाजूला. नियम ठरला : सामन्याच्या दिवशी घर सोडायचं नाही. मोसम संपेपर्यंत शर्ट धुवायचा नाही.

रसचा फोन. म्हणाला, एकट्यानेच बघितला रे, मजा नाही आली. मी त्याला नियम समजावला. तो म्हणाला, लाइल, तू शाळेची बस चालवतोस बाबा, संघ नाही चालवत.

आजारी माणसाचं मनावर घ्यायचं नसतं.

३० सप्टेंबर, रविवार

पाच-शून्य. यंदा प्लेऑफ, म्हणजे देशाच्या विजेतेपदाची शेवटची फेरी. चार संघांनाच जागा असते आणि त्या कुणाला द्यायच्या हे एक समिती ठरवते. आजवर लहान गटातल्या कुठल्याही संघाला तिने जागा दिलेली नाही. एकही सामना न हरलेल्यांनासुद्धा नाही. विचारतात, जिंकलात खरे, पण कुणाशी?

हा प्रश्न आमच्या घरात एकोणऐंशी सालापासून आहे. तेव्हा रस हेरन्सच्या लाइनमध्ये, म्हणजे पुढच्या फळीत होता. चेंडू घेऊन पळणारे दुसरे, याने चेंडूला कधी हात लावायचा नाही, समोरच्या दांडगटाला अडवून धरायचं, एवढंच काम. अकरा सामने, अकरा विजय. वर्षअखेरच्या मानाच्या सामन्यांपैकी एकाचंही आमंत्रण आलं नाही. तोंडाला पानं पुसली. मी तेरा वर्षांचा होतो. रस काही बोलला नाही, म्हणून त्याच्या वाटचं मीच आजपर्यंत बोलत आलोय.

संकल्प : १) समितीला दर आठवड्याला पत्र. २) रसला दर आठवड्याला भेट. सामन्याचा दिवस सोडून.

१४ ऑक्टोबर, रविवार

सात-शून्य. पत्र क्रमांक दोन टाकलं. सहा पानं. गादीवर एकदाही पाठ न टेकलेल्या पैलवानाला, तू आमच्या गावचा नाहीस म्हणून आखाड्याबाहेर ठेवणं कुठल्या न्यायात बसतं, असं ठणकावून विचारलंय.

नाश्त्याच्या वेळी हॉटेलात डेनीशी वाद. डेनी आमच्या डेपोतला मेकॅनिक, पण मन मोठ्या कॉलेजांच्या पायाशी. म्हणे, तुमच्या सात प्रतिस्पर्ध्यांमधले दोन तर आमच्या कुत्र्यानेही हरवले असते. मी म्हणालो, आम्ही बोलावतो, मोठे येतच नाहीत आमच्याकडे खेळायला, मग हरवायचं कुणाला? तो म्हणाला, तेच तर म्हणतोय मी. आणि माझ्या ताटातला बेकन उचलला. शिवाय म्हणाला, शर्टाचं काहीतरी कर, पोरं बसच्या मागच्या बाकांवर जाऊन बसायला लागलीत.

रसची भेट राहिली. या आठवड्यात पत्र मोठं झालं.

३० ऑक्टोबर, मंगळवार

नऊ-शून्य. समितीची पहिली यादी टीव्हीवर लागली. आम्ही तेविसावे. तेविसावे! आमच्या वर दोन-दोन सामने हरलेले सहा संघ बसलेत. त्यांचं हरणंसुद्धा म्हणे आमच्या जिंकण्यापेक्षा दर्जेदार.

रसला फोन करून सांगितलं. तेविसावे म्हणजे छान आहे की, म्हणाला. त्याच्यात लढायची वृत्तीच उरलेली नाही. मग म्हणाला, गुरुवारी ये ना, बार्ब ॲपल पाय करणार आहे, मला काही जात नाही, तू खा.

बघतो म्हणालो.

४ नोव्हेंबर, रविवार

बार्बचा फोन. रसचा पलंग पुढच्या खोलीत आणलाय. दवाखान्याचा आहे, वर-खाली होतो. नर्स दिवसाआड येते. आता औषध फक्त वेदना कमी करायला, बार्ब म्हणाली. बाकीची बंद केली.

मी म्हणालो, मंगळवारी सामना आहे. नोव्हेंबरात टीव्हीवाले आमच्या गटाला शनिवार देत नाहीत. शनिवार मोठ्यांचे. आम्हाला मंगळवार, बुधवार, जेव्हा देश दुसरं काही बघत नसतो तेव्हा. त्यामुळे आठवड्याचा कुठला दिवस मोकळा हेच कळेनासं झालंय.

बार्ब म्हणाली, लाइल, बाकीचे सहा दिवस कुणाशी खेळतोस?

तिला खेळातलं कळत नाही.

८ नोव्हेंबर, गुरुवार

दहा-शून्य. आज जायचंच असं ठरवून निघालो. रसला आवडतात म्हणून खारवलेले शेंगदाणे घेतले. एकोणिसाव्या मैलावर धान्याच्या कोठारांपाशी गाडी थांबवली. बर्फ पडायला लागला होता.

म्हणजे भुरभुरत होता.

रोज नव्वद मैल बस चालवतो मी, पासष्ट मुलं घेऊन, गुडघाभर बर्फातून. पण आज इंजिनाचा आवाज बरोबर वाटेना. अर्धा तास बसलो. शेंगदाणे संपले. मग परत आलो. इतकी लय लागलेली असताना धोका पत्करू नये, हे कुणीही सांगेल.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

अकरा-शून्य. यादीत सतरावे. पत्र क्रमांक सहा. समितीकडून छापील उत्तर आलं : आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. सोबत एक स्टिकर. म्हणजे पत्रं वाचली जातायत. स्टिकर फ्रिजवर लावला.

२२ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

बारा-शून्य. आज सामना नाही. उद्याही नाही. बार्बने सणाचं जेवायला बोलावलं होतं. आईच्या मागे एकही थँक्सगिव्हिंग मी रसकडे चुकवलेला नाही.

सर्दी झाल्याचं कळवलं. अशा माणसाजवळ सर्दी घेऊन जाणं बरं नव्हे. डॉक्टरही हेच म्हणाले असते. पाकिटातले टर्कीचे काप मी आणि कुत्र्याने वाटून खाल्ले.

चारच्या सुमारास रस स्वतः फोनवर आला. आवाज आधी ओळखलाच नाही मी. म्हणाला, शर्ट धुतलास का? नाही म्हणालो. वाटलंच, म्हणाला, वास इथवर येतोय. हसताना त्याला खोकला लागला आणि तो थांबेचना. मग म्हणाला, ये रे एकदा. फुटबॉलबद्दल बोलायला नको. नुसता बस.

मी म्हणालो, रस, तू बघच, यंदा तुझं एकोणऐंशीचं सगळं वसूल करतो. प्लेऑफला तुला व्हीलचेअरवरून नेतो. तिकिटं मी काढतो.

तो पुन्हा खोकला. मग म्हणाला, बरं.

भीती वाटते मला. आज एकदाच लिहितो. तो नववीत असताना त्याने मला खांद्यावर बसवून अख्ख्या मैदानाला फेरी मारली होती. त्या माणसाला त्या पलंगावर बघायची मला भीती वाटते.

सर्दीमुळे असे विचार येतात. संकल्प : लिंबू घालून गरम पाणी.

१ डिसेंबर, शनिवार

तेरा-शून्य! गटाचे विजेते! एकतीस-वीस. शेवटची सहा मिनिटं खुर्चीतून हललो नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.

लगेच रसला फोन लावला. बार्बने घेतला. झोपलाय म्हणाली. आता बराच वेळ झोपलेलाच असतो. म्हटलं, त्याला सांग, उद्या दुपारी बाराला समिती चार नावं जाहीर करणार. कार्यक्रम संपला की तसाच निघतो. बातमी मीच तोंडाने सांगणार त्याला, तू आधी सांगू नकोस.

ती म्हणाली, आत्ताच निघ ना.

मी म्हणालो, एक दिवस तर राहिलाय. तेरा सामने डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, आता शेवटच्या क्षणी घालवू?

ती म्हणाली, ठीक आहे, कार्यक्रम झाल्यावर.

बॅग दारात ठेवलीय. गाडीत पेट्रोल भरलंय. उद्या नक्की.

२ डिसेंबर, रविवार

बारा वाजता बसलो. खुर्ची, शर्ट, चिली, कुत्रा.

चार नावं वाचली. आपलं नाही. आपण चौदावे. आपल्याबद्दल एक माणूस अकरा सेकंद बोलला. म्हणाला, छान मोसम, पण खेळले कुणाशी?

टीव्ही बंद केला, बॅग उचलली. आता रसला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. दार ओढलं तोच फोन वाजला.

सकाळी दहा चाळीसला गेला.

मी विचारलं, तेव्हाच का नाही कळवलंस? बार्बचा आवाज अगदी साधा होता. तूच म्हणालास ना, ती म्हणाली, कार्यक्रम झाल्यावर.

६ डिसेंबर, गुरुवार

पुरलं आज. जमीन गोठली होती. जुन्या संघातले सहाजण आले होते. त्यांनीच पेटी उचलली. सगळे सत्तरीला टेकल्यासारखे दिसत होते, वय साठच.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण. ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल, हॅम. मी एका जुन्या खेळाडूला समितीचा अन्याय समजावून सांगत होतो. यंदाचा आणि एकोणऐंशीचाही. बार्बने माझी बाही धरून मला कोपऱ्यात नेलं.

म्हणाली, तुला माहीत असायला हवं म्हणून सांगते. रस नेहमी म्हणायचा, आम्हाला तेव्हा बोलावलं नाही ते बरोबरच केलं. आम्ही कुणाशी खेळलोच नव्हतो. गेलो असतो तर चाळीस गुणांनी मार खाल्ला असता.

मी म्हणालो, मग मला कधी बोलला नाही तो.

ती म्हणाली, तुझा हिरमोड होईल म्हणून. त्या वर्षातलं त्याला एकच आठवायचं. दर सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी तू थंडीत उभा असायचास. मग दोघं चालत घरी यायचात. परवापर्यंत विचारत होता, लाइल आलाय का दाराशी?

मी कॅसरोल संपवलं. काय खातोय ते कळत नव्हतं.

९ डिसेंबर, रविवार

समितीला पत्र लिहायला बसलो. महोदय, एवढंच लिहून झालं.

शर्ट धुतला.

२२ डिसेंबर, शनिवार

प्लेऑफमध्ये जागा नाही, म्हणून आम्हाला एक उत्तेजनार्थ सामना दिलाय, दक्षिणेकडे कुठेतरी, अर्ध्या रिकाम्या मैदानात. बार्बने विचारलं, इकडे येतोस का बघायला? गेलो. अडतीस मैल. बर्फ भरपूर होता. पन्नास मिनिटं लागली.

पलंग परत नेलाय. तो होता तिथे गालिचावर चार खळगे आहेत. मी त्या खळग्यांशेजारच्या खुर्चीत बसलो. ती कुणाची म्हणून विचारलं नाही.

हाफटाइमला एकवीस-शून्य. आपण पुढे. मी उठायला लागलो तशी बार्ब म्हणाली, दूध संपलंय का घरातलं? नाही म्हणालो. परत बसलो.

जिंकलो. पस्तीस-सात. चौदा-शून्य.

रसच्या घरात बसून, धुतलेल्या शर्टात. चिली नव्हती, कुत्रा घरी होता. म्हणजे सप्टेंबरपासून कुठल्याही दिवशी आलो असतो तरी चाललं असतं.