कोरड्या डोळ्यांचा महापूर

ती. भाऊजींना सविनय नमस्कार. ताईच्या गुडघ्याने एव्हाना जिन्याशी तह केला असेल आणि दवाखान्याच्या गर्दीतून आपल्याला दोन घास निवांत खायला मिळत असतील, असे गृहीत धरून माझ्यावर झालेल्या अन्यायाकडे वळतो. हा अन्याय माझ्याच डोळ्यांनी केला आहे आणि आपण नेत्रवैद्य आहात, म्हणून तक्रार आपल्याकडे.

आमचे मुख्याध्यापक (मुले त्यांना भोंगा म्हणतात, आवाजावरून; मीही मनात म्हणतो) परवा निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीत मी, उपमुख्याध्यापक, बसणार होतो. निरोपसमारंभात मला व्यासपीठावर नेमके पंख्यासमोर बसवले. आता शास्त्र पाहा. (आपल्याला ठाऊक आहे, तरी सांगतो, विषयच इतका देखणा आहे की राहवत नाही.) डोळ्याच्या दर्शनी भागावर अश्रूंचा पातळ थर असतो. त्यात तळाशी चिकट स्राव, मध्ये पाणी आणि वर पापण्यांच्या कडांतून पाझरणाऱ्या तेलाची साय. ही साय विरळ झाली, की झाकण नसलेल्या पातेल्यासारखे पाणी उडून जाते, बुबुळावरची काच उघडी पडते, वाळू गेल्यासारखे खुपू लागते, आणि डोळा घाबरून पाण्याचा लोंढा सोडतो. पण ते नुसतेच पाणी. डोळ्यावर टिकत नाही, गालावर येते. म्हणजे डोळा कोरडा, म्हणूनच गाल ओला! काय अजब रचना आहे! फळ्यावर रंगीत खडूने काढली, की मागच्या बाकावरचेसुद्धा जागे होतात.

तर संस्थेच्या अध्यक्षांचे भाषण चालू असताना माझी साय उडाली. पहिला थेंब ओघळला आणि अध्यक्ष थांबले. दुसऱ्याला सभागृह हळहळले. शेजारच्या चित्रकलेच्या बाईंनी मात्र "डोळे आलेत वाटतं" म्हणत खुर्ची सरकवली. (डोळे येतात तेव्हा पांढरा भाग लाल होतो, सकाळी पापण्या चिकटतात, आणि ती साथ हाताने, रुमालाने पसरते, नुसते पाहिल्याने नव्हे. हे मी बाईंना पूर्वीच सोदाहरण समजावले आहे. असो.) गैरसमज दूर करणे हे शिक्षकाचे कर्तव्य, म्हणून मी ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि दोन्ही गालांवरून धारा वाहत असताना ठणकावून सांगितले, "माझे डोळे कोरडे आहेत!" सभागृहात हुंदके फुटले. मी तिन्ही थर क्रमाने समजावू लागलो, तेलापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून कुणीसे म्हणाले, "अहो धरा त्यांना, काहीतरीच बोलायला लागलेत!" भोंगासाहेबांनी मला कवटाळले. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "ज्याला खुर्ची मिळायची तोच ज्याच्यासाठी असा रडतो, त्या माणसाला मी कसा सोडू? आणखी तीन वर्षं हेच मुख्याध्यापक!" टाळ्यांचा कडकडाट. त्या तीन वर्षांनी मी स्वतः निवृत्त होतो, भाऊजी!

घरी सौभाग्यवतींचा सूर निराळाच. "माझे बाबा गेले तेव्हा टिपूस नाही काढलात, आणि त्या भोंग्यासाठी महापूर!" (तेव्हा पावसाळा होता, हवा दमट होती. शास्त्र मयताला वेगळे आणि समारंभाला वेगळे नसते. हे मी बोलून दाखवले. बोलायला नको होते.)

ताईस नमस्कार.

आपला संतप्त, तरीही आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. मला शिक्क्यासह प्रमाणपत्र हवे आहे: "सदर अश्रू सर्वस्वी भावनारहित असून केवळ नेत्रपृष्ठाच्या कोरडेपणामुळे आले." सोमवारी संचालक मंडळापुढे मोठ्याने वाचायचे आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच भोंगासाहेब घरी आले. म्हणाले, "अरे, मुलीकडे जायला सामानसुद्धा बांधलं होतं मी. पण तुझी अवस्था बघितली आणि म्हटलं, आपण गेलो तर याचं कसं व्हायचं? म्हणून थांबलो बाबा." मी खरे काय ते सांगायला तोंड उघडले आणि डोळे पुन्हा वाहू लागले. वारा नव्हता, आपण दिलेले थेंब नुकतेच घातले होते, खुपतही नव्हते. तेव्हा प्रमाणपत्र तूर्त पाठवू नये. आधी हे कशाने झाले ते कळवावे. आणि जरा त्वरेने कळवावे, कारण माझ्याकडे पाहून त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं बरं, उगी. पाच वर्षं थांबतो."