जगदेवच्या पायांवर पाणी

अमरावती,
ता. २८ मार्च १९३५

तीर्थरूप गं. भा. प्रयागअक्काचे सेवेशी,

धाकटा भाऊ जगदेव याचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझे पत्र पावले. तुळसाला पाचवा महिना लागला, उभ्या उभ्या भोवळ येते, मागची दोन्ही मुले सातव्यात गेली तसे पुन्हा होऊ नये म्हणून तिला इकडे आणून लेडी डॉक्टरला दाखवावे, असे तू लिहितेस. नवऱ्याने बायकोची काळजी करावी हे मला कळते. परंतु अक्का, प्रकृती काळजीने सुधारत नाही, नियमाने सुधारते.

आमच्या कचेरीतले हेडक्लार्क साहेब ख्रिस्ती आहेत. ईस्टरच्या आधी ते चाळीस दिवस मांस सोडतात, रोज पहाटे तीन मैल चालतात, आणि पन्नाशीतही जिना धावत चढतात. त्यांच्याच आग्रहाने मी व्यायाम मंडळात जाऊ लागलो. मंडळाच्या आरोग्याच्या पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे की आपल्या स्त्रियांचा अशक्तपणा हा घरात बसून राहण्याने येतो. शहराची हवा तर गर्भिणीला विषासारखी. तेव्हा तुळसाने तिथेच राहणे उत्तम.

सोबत सर्व कुटुंबासाठी वसंत ऋतूचा नेम लिहून पाठवतो. पाचला उठावे. दहिवरावर अनवाणी एक मैल झपाझप चालावे. हात गोलाकार शंभर वेळा फिरवावे. वाकून पायाचे अंगठे धरावे. पाठ ताठ राहण्यासाठी डोक्यावर पुस्तक ठेवून अंगणात फेऱ्या माराव्या. तिखट वर्ज्य, पालेभाजी कच्ची. बाबांनी दीर्घ श्वसन करावे. ईस्टरची चार दिवसांची सुटी आहे, तेव्हा येऊन प्रगती पाहीन.

मायला व बाबांना दंडवत सांग. आहे ती माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
जगदेव

—

आसेगाव,
ता. ४ एप्रिल, गुढीपाडवा

चिरंजीव जगदेव यास प्रयागचे अनेक आशीर्वाद. इकडील क्षेम. तिकडील क्षेम पुस्तकात लिहिलेलं असेलच.

आज कडुलिंबाचा पाला चावून पत्राला बसले आहे. तोंड कडू आहे, तेव्हा शब्द कडू लागले तर दोष पाल्याचा.

तुझा नेमाचा कागद सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले की पोराले तिकडं काम कमी दिसते. मायनं विचारलं की हे कामाच्या आधी करायचं का कामानंतर. पाचला उठायचा नेम मात्र मला फार आवडला. आम्ही चारला उठतो, तेवढीच तासभर झोप वाढेल.

बाकीच्याचं सांगते. तुळसा पहाटे दीड पायली ज्वारी दळते. हात शंभरदा फिरतो का हजारदा ते जात्याला विचार. चैत्र लागला, विहिरीचं पाणी तळाला गेलं, तरी सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ घागरी ती आणतेच, आणि विहीर काही आपल्या ओसरीत नाही. घर सारवताना ती पायाचे अंगठे रोज पाहते, अलीकडे पोट आड येतं म्हणून दिसत नाहीत इतकंच. दहिवर पाहिजे असेल तर सोबत घेऊन ये, आसेगावात चैत्रात ते मिळत नाही. आणि डोक्यावर पुस्तक ठेवून चालायचं म्हणतोस, तर तिच्या डोक्यावर दोन घागरी असतात. त्यांच्यावर ठेवायचं असेल तर पाठवून दे, पडलं तर ओलं होईल.

तुझे साहेब चाळीस दिवस मांस सोडतात हे ऐकून बरं वाटलं. ज्याच्या ताटात रोज असतं त्यालाच ते सोडता येतं.

आता हसणं पुरे. मागचं बाळ गेलं तेव्हाही मीच त्याला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. तू सुटी नाही म्हणून आला नव्हतास. जगदेव, तिसऱ्यांदा ते माझ्यानं होणार नाही. तुळसाला मायबाप नाहीत, म्हणजे बाळंतपणाला जायला माहेर नाही. माय म्हणते की शेवया-कुरडयांचं वाळवण संपल्याशिवाय घरातलं माणूस हलणार नाही, मी तर वावरातून येऊन बाळंत झाले. बाबांचं म्हणणं असं की नवऱ्यानं मागितली तर उद्या धाडतो, त्यानं न मागता सून कशी धाडू. म्हणजे सगळं तुझ्या एका शब्दावर अडलं आहे. तो शब्द लिही, आणि हवं तर कागदाच्या उरलेल्या जागेत दीर्घ श्वसन लिही.

तुझ्यावर राग आहे तितकाच जीवही आहे, हे ध्यानात ठेवून उत्तर धाडावं.

प्रयाग

—

अमरावती,
ता. ११ एप्रिल १९३५

ती. प्रयागअक्कास सा. नमस्कार. वि. वि. तुझ्या पत्रातली थट्टा मी खिलाडूपणे घेतली आहे. परंतु घरकाम वेगळे आणि व्यायाम वेगळा. व्यायाम मनापासून आणि मोकळ्या हवेत करायचा असतो.

तुळसाला आणायचे तर खोली पाहिजे. सध्या मंडळाचे दोघे माझ्यासोबत राहतात आणि लाकडी मुद्गलांनी एक कोपरा अडला आहे. शिवाय मे महिन्यात मंडळात माझे व्याख्यान ठरले आहे. विषय : खेड्यातील कुटुंबाचे आरोग्य. ते झाल्याखेरीज काही सुचणार नाही. गुरुवारी संध्याकाळी पोचतो. शुक्रवारी पहाटे मी स्वतः चालून दाखवीन, तुळसाने मागे यावे. म्हणजे तुम्हा सर्वांची खात्री पटेल.

राग नसावा. असला तर समक्ष काढावा.

जगदेव

—

मु. पोहरादेवी, धर्मशाळा,
ता. २१ एप्रिल, रविवार

ती. अक्का, नमस्कार. कागद पुजाऱ्याकडून मागून घेतला आहे. हे पत्र तांड्यावरच्या रूपलाजवळ देतो. तो उद्या पायीच परत निघतो. मी निघू शकत नाही. माझ्या पायांना जमीन सोसत नाही. बाबांना सांगून बैलगाडी पाठव, आणि गाडीत गवत जास्त घाल.

शुक्रवारी सकाळी तू विहिरीच्या काठावर पदर तोंडाशी धरून हसत होतीस ते मी पाहिले. माझा अपराध काय? मी आंघोळ करून, पांढरा पंचा नेसून, अनवाणी निघालो. चार पावले श्वास घेणे, चार पावले धरणे, चार पावले सोडणे, असा क्रम मनात मोजत होतो. तोंड उघडले की क्रम मोडतो. तेवढ्यात तांड्यावरची हिरीबाई मोहफुलांची टोपली घेऊन समोर आली आणि विचारू लागली की चैताचं अनवाणी कुठं निघाला, देवीले काय. मी मोजत असल्याने बोललो नाही. पायी नवसाला निघालेला माणूस गावाची शीव ओलांडेपर्यंत बोलत नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात कसे येणार? तिने हात जोडले, काठावरची भरली घागर घेतली आणि माझ्या पायांवर रिकामी केली. मग साऱ्या बायका धावल्या. कुणी कुंकू लावले, कुणी पायांवर डोके ठेवले. त्यात माझ्या शाळेतल्या मास्तरांची बायकोही होती.

तिथवरही मी सांभाळून घेतले असते. पण नवस कुणासाठी असे हिरीबाईने विचारले तेव्हा तू, अक्का, तू पुढे होऊन तुळसाच्या पोटासाठी असे सांगितलेस! वर तिच्या डोक्यावरच्या दोन्ही घागरी उतरवल्यास. जिच्यासाठी नवस चालतो तिने मूल हाती येईपर्यंत घागर, जाते, टोपली यांना हात लावायचा नाही, असा नेम फार जुना आहे म्हणालीस. मी तो कधी ऐकला नव्हता, पण बायकांनी माना हलवल्या. माय धावत आली. पायांवर पाणी पडल्यावर मागं फिरला तं पोराले भोवन, असे म्हणाली आणि मला घराच्या दिशेला वळूही दिले नाही. बाबांनी नारळ आणि रूपला दोन्ही सोबत दिले.

रूपलाला पासष्ट वर्षे झाली. तो वाटभर बिडी ओढत, मिरचीच्या ठेच्याशी भाकर खात, माझ्यासाठी प्रत्येक झाडाखाली थांबत चालला. माझे दीर्घ श्वसन दुसऱ्या कोसाला संपले. पुस्तकात आपल्याकडच्या उन्हाचा उल्लेख नाही. ते थंड मुलुखातल्या पुस्तकावरून केलेले असावे.

एक गोष्ट लिहितो, हसू नकोस. देवळात पुजाऱ्याने विचारले की नवस कुणाच्या नावाचा. मी चारचौघांत तुळसाचे नाव पहिल्यांदाच मोठ्याने घेतले. मग काय मागायचे ते मला ठाऊक होते, पण मी नारळच हातात फिरवत राहिलो. रूपलाने माझ्या वतीने मागितले.

गाडी लवकर पाठव.

जगदेव

—

अमरावती,
ता. ८ मे १९३५

ती. प्रयागअक्कास कृतानेक नमस्कार. वि. वि. सुखरूप पोचलो. बारा दिवस जास्त राहिल्याबद्दल साहेबांनी विचारले तेव्हा पाय दाखवले.

तुमच्याकडे बाजेवर पडून होतो तेव्हा करण्यासारखे काही नव्हते, म्हणून पाहत होतो. तुळसा कुरडयांच्या चिकाशेजारी नुसती बसलेली असे. दोन दिवस ती हात कुठे ठेवावे ते न कळल्यासारखी बोटे चोळत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला टेकून झोपली. लग्नाला सहा वर्षे झाली, मी तिला दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. झोपेत तिचा चेहरा किती ओढलेला दिसतो हेही पाहिले नव्हते. मला लाज वाटली. तुला तोंडाने सांगणे जमले नाही म्हणून लिहितो.

आणि पाय बरे झाल्यावर मायने घागर माझ्या हाती दिली. नवस तुहा, तं तिच्या वाटचं पाणीही तुहंच, असे तिचे म्हणणे पडले. चार खेपांत माझी मान आखडली. मंडळात मी तीस शेराचे मुद्गल फिरवतो हे तिथे कुणाला सांगायची सोय नव्हती. विहिरीवरच्या बायका मला महाराज म्हणत होत्या.

काल व्याख्यान झाले. लिहून नेलेले वाचलेच नाही. खेड्यातल्या स्त्रीला व्यायामाची नव्हे, विश्रांतीची गरज आहे असे सांगितले. काही सभासद हसले. एकाने विचारले की मग मंडळाने काय करावे, तर मी म्हणालो की आपापल्या घरी पाणी भरावे. त्यानंतर टाळ्या फार झाल्या नाहीत.

दवाखान्याजवळ एक खोली घेतली आहे. मुद्गल मंडळाला परत दिले. सोबत बाबांना वेगळे पत्र आहे, त्यात तुळसाला मी मागितले आहे. पंधरवड्याने मोटारीने कारंज्यापर्यंत येतो, तिथून आगगाडीने नेईन. तोवर तिला पाट्यावर हात ठेवू देऊ नकोस.

मोठी बहीण आहेस, तशीच कान धरीत राहा.

जगदेव

—

आसेगाव,
ता. ३० ऑगस्ट १९३५

चिरंजीव जगदेव आणि चि. सौ. तुळसा यांस प्रयागचे अनेक आशीर्वाद. नव्या पाहुणीला वेगळा आशीर्वाद, तो तिच्या कानात सांगावा.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. पूर्ण दिवसांची मुलगी, बाळबाळंतीण खुशाल, एवढंच चार वेळा वाचलं. बाबांना वाचून दाखवताना मी पहिल्याच ओळीवर अडखळले, तर ते म्हणाले की वाचता येत नसन तं गुरुजीले बोलाव. मग स्वतःच उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. हिरीबाईनं सगळ्या तांड्यावर सांगितलं की तिच्या हातच्या पाण्यानं पोरगी झाली. वर्षाच्या आत तू पुन्हा अनवाणी जाऊन नवस फेडायचा आहे, असंही तिनं बजावलं आहे. या खेपेला तोंड उघडं ठेवून चाल.

आता माझ्या मनावरचं एक ओझं उतरवते. तो नेम जुना वगैरे काही नव्हता. हिरीबाई तुझ्या पायांवर घागर ओतत होती तेव्हा मागं तुळसा दोन घागरींखाली डगमगताना दिसली, आणि जिभेवर आलं ते मी बोलून गेले. देवीच्या नावावर खोटं बोलले ही टोचणी चार महिने होती. काल मुलीची बातमी आल्यावर मायपाशी कबूल केलं.

ती तूर निवडत होती. हात न थांबवता म्हणाली की मले तवाच समजलं, या गावात चाळीस वर्षं झाले, असा नेम असता तं मले ठाऊक नसता काय. मी विचारलं, मग तू तिथंच का नाही बोललीस. ती म्हणाली की माह्या वक्ती असा नेम काढाले कोणी नव्हतं, नाही तं तुह्या आंधीचे दोघं आज वावर पाहत असते.

जगदेव, मी छत्तीस वर्षांची झाले. माझ्या आधी दोघं होते हे मला काल कळलं. वावरातून येऊन बाळंत झाले असं ती आपल्याला जन्मभर तोऱ्यात सांगत आली, आणि त्या बाळंतपणातून काय हाती आलं ते आपण कधी विचारलं नाही. मी तिच्याजवळ बसले आणि रडले. ती रडली नाही. तूर निवडून झाल्यावर तिनं तुझ्यासाठी निरोप सांगितला, तो जसाच्या तसा लिहिते. सव्वा महिना झाला म्हणून तुळसाले लगेच धाडू नको, पाच महिने तिथंच राहू दे. लोकांनी विचारलं तं सांगजो का आमच्या घरचा लय जुना नेम आहे.

सगळ्यांचा लोभ आहेच, तो पोचता झाला असं कळवावं.

प्रयाग