फोटोत माझा हात खाली राहील

म्हणे लेकीच्या लग्नापुरत्या तारा काढून ये! ताई, दातांच्या तारा म्हणजे काय चपला आहेत, दाराबाहेर काढून ठेवायला? चिकटवलेल्या आहेत त्या. आणि निरोप दिलास तोही आमच्या ह्यांना, फोनवर, मी दुकानात शेजारीच उभी असताना! माझ्याशी बोलायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं? तारा माझ्या तोंडात आहेत.

असो. नमस्कार राहिलाच, तो घे. भावजींचा खोकला कसा आहे? तुझे गुडघे? इकडे सगळं ठीक. मीही ठीकच, फक्त रागात.

आता नीट ऐक. दातांची डॉक्टरीण म्हणजे कालची पोरगी. तिने विचारलं, दात दिसतात त्यावर तुम्ही समाधानी आहात का? मी म्हटलं, समाधानी असते तर दुकान टाकून इथे तोंड वासून पडले असते का? मग विचारते, तारा लावून काय अपेक्षा आहे? (माझ्या आधीच्या बाईला नटीसारखं दिसायचं होतं म्हणे.) मी म्हटलं, मला हात दोन, त्यातला एक हसताना कायम तोंडावर. तेवढा मोकळा करून दे, नाक आहे तसं राहू दे. ती म्हणाली, वेळ लागेल, दुखेल, आणि यापुढे दाताने दोरा तोडायचा नाही. पहिल्या दोन गोष्टींना मी लगेच हो म्हटलं.

तुला माहीतच आहे, पुढे आलेल्या दातांचा मला तेवढा एकच उपयोग होता. लोक कात्री शोधतात तोवर माझं दुसरं बटण लावून होतं. तर परवा बँकेतले साहेब कोट घालून बघायला आले. कोट अंगावर असतानाच मी छातीवरचं बटण घट्ट केलं आणि सवयीने दोरा दाताने तोडायला गेले. दोरा तुटला नाही, तारेत अडकला! मी साहेबांच्या छातीला चिकटलेली, साहेब हात वर करून उभे (पकडलेल्या चोरासारखे), आणि नेमकी त्यांची बायको दुकानात आली. मला बोलता येईना, साहेबांना हलता येईना. आमचे हे कात्री शोधायला धावले, पण आधी त्यांचा चष्मा सापडेना. बाई शांतपणे म्हणाल्या, "चालू द्या, मी बसते."

सुटका झाल्यावर मला असं हसू फुटलं की काही विचारू नकोस. एका हातात कोट, दुसऱ्यात सुई. तोंडावर ठेवायला हातच नव्हता. सगळं दुकान माझ्या तारा बघत होतं, आणि बाईही पोट धरून हसत होत्या. कुणाचं काही बिघडलं नाही, ताई. तेव्हाच ठरवलं, दात सरळ होईपर्यंत थांबायचं नाही. तारांसकटच हसायचं.

भावजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी

ता. क. : लग्नाच्या फोटोत मला मागच्या रांगेत उंच माणसाआड ढकलायचं नाही. मी पुढे, नवरीशेजारी उभी राहणार. शाळेतल्या फोटोच्या वेळी "तोंडावर हात घे" असं माझ्या कानात तू सांगितलंस, तो हात मी परवापर्यंत खाली घेतला नव्हता.

आणखी एक : काल तुझी लेक लग्नाचा ड्रेस घालून बघायला आली होती. आरशात बघून हसली, तर तोंडावर हात! दात तिचे चांगले सरळ आहेत गं. हे तिला कुणी शिकवलं ते मी विचारत नाही. पण फोटोत तिचाही हात खाली हवा, आणि हे तिला तूच सांगायचंस.

शेवटचं : नवरीच्या ड्रेसच्या बाह्या अजून धावदोऱ्यावर आहेत, ओढल्या तर हातात येतील. गुरुवारपर्यंत कळव. ह्यांना नाही, मला.